राक्षसाची आखणी

मी नवऱ्याकडे मिक्सर मागितला होता आणि नवरा घेऊन आला टीव्हीवर खेळायचा व्हिडिओ गेम. दिवाळीचे दिवस. हे कंपनीतली फर्स्ट शिफ्ट संपवून परस्पर रोह्याच्या बाजारात गेले आणि दारात येऊन उभे राहिले ते खोकं पाठीमागं लपवून. मला वाटलं, आला माझा मिक्सर! उघडून बघते तर आत एक काळा डबा, दोन रिमोट, वायरींचं भेंडोळं आणि एक पिवळी कॅसेट. म्हणाले, "अगं, पोरीला होईल." पोरीला! पोरगी आमची नऊ वर्षांची, ती शाळेत गेल्यावर सेकंड शिफ्टच्या आधी तासतासभर कोण खेळत बसायचं ते मी बघत नव्हते होय? मी चार दिवस पाट्यावर चटणी वाटताना वरवंटा मुद्दाम आपटत होते. सासूबाई म्हणाल्या, "अगो, पाटा फुटंल." म्हटलं, फुटू दे.

राग माझ्या नाकावरच असतो. लपवण्यात अर्थ नाही, आमच्या आळीत कुणालाही विचारा. पण पाचव्या दिवशी पोरीनं दुसरा रिमोट माझ्या हातात दिला आणि मग माझाही भात दोनदा करपला.

त्या कॅसेटमध्ये एक बुटका माणूस होता. तो पळायचा, उड्या मारायचा, खड्ड्यात पडून मरायचा. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी एक राक्षस, आणि अगदी शेवटच्या टप्प्यात सगळ्यांचा बाप. तीन शिंगं, पोटात तोंड, खेकड्यासारखे आकडे आणि डोळे लालभडक. आमच्या घरात त्याच्यापर्यंत फक्त पोरगी पोचायची. हे आणि मी तिसऱ्या टप्प्यातच गारद. पण ती पोचली आणि तो पडद्यावर आला, की लाईट जायची. एकदा नाही, दोनदा नाही, चार वेळा. रोह्याची लाईट तेव्हा कुणाचं ऐकायची नाही. लाईट गेली की सगळं परत पहिल्यापासून. चौथ्या वेळी पोरीनं घर डोक्यावर घेतलं. रडून रडून थकली आणि मग हुंदके देत म्हणाली, "आई, मला तो घरात पाहिजे. लाईट गेली तरी जाणार नाही असा."

बाजारात असलं खेळणं कुठून मिळणार? रोह्याच्या दुकानांतून मिळायच्या त्या बाहुल्या, चावीच्या मोटारी आणि रबरी जनावरं. पोरगी म्हणाली, "मग तू बनव. आबा नाही का गणपती बनवत?"

आबा म्हणजे माझे वडील. माझं माहेर पेणचं, आमचा गणपतीचा कारखाना. कारखाना म्हणायचं एवढंच. घरापुढची लांब पडवी, भिंतीला फळ्या, फळ्यांवर गणपती, आणि बारा महिने घरात शाडूच्या मातीचा वास. चालायला लागले तेव्हापासून मी त्या मातीत. माती मळली, साच्यात दाबली, साच्याच्या रेघा ओल्या फडक्यानं पुसल्या, सोंडेवर कोरणी फिरवली, पितांबराला पिवळा लावला, मुकुटाला सोनेरी लावला. सगळं केलं. फक्त डोळ्यांना हात लावला नाही. मूर्तीचे डोळे रेखायचे त्याला आमच्याकडे आखणी म्हणतात, आणि आखणी करायची ती आबांनीच. पापणीची रेघ, बुबुळ, बुबुळातला ठिपका, वर भुवई. सकाळी अंघोळ करून आबा दाराच्या उजेडात बसायचे आणि ते बसले की घरात भांड्याचा आवाज करायचीसुद्धा कुणाची छाती नव्हती. आबांच्या आखणीसाठी लांबलांबून माणसं आमच्याकडं यायची. डोळ्यांत बघितलं की आपलं काही चुकलं असेल तर ते माफ झाल्यासारखं वाटायचं.

सोळा वर्षांची असताना मी त्यांना म्हटलं, "आबा, मला आखणी शिकवा." त्यांनी देवाधर्माचं कारण सांगितलं असतं तर मी भांडले तरी असते. आबा शांतपणे म्हणाले, "बाय, हात तयार व्हायला धा वर्सं लागतात. तू चार वर्सांत लगीन करून जाशील. मंग आखणी काय भाकरीवर करशील?" कारखान्यातले दोघं कारागीर हसले. मीही हसले. आणि आत जाऊन आईच्या पुढ्यातलं तांदळाचं सूप उधळून दिलं.

ते मनात राहिलं ते राहिलंच. लग्न झालं, रोह्याला आले, पोरगी झाली, पण गणपतीच्या आधी माहेरी गेले आणि फळीवरच्या कोऱ्या डोळ्यांच्या मूर्ती बघितल्या की माझे हात शिवशिवायचे. मला डोळे काढायचे होते, आणि ते बघून आबांनी "बरे हायत" म्हणायला हवं होतं. एवढीच माझी हौस आणि एवढंच माझं दुखणं.

पण राक्षसाला काय, त्याला आबांची परवानगी लागत नव्हती. पोरीची खेळण्यांची पेटी पालथी केली आणि सामान निवडलं. अंगासाठी शेपूट तुटलेला रबरी डायनासोर. डोक्यासाठी प्लास्टिकचा सिंह. हातांना कपडे वाळत घालायचे दोन चिमटे, ते उघडमीट होतात म्हणून. शिंगांना स्केचपेनची तीन टोपणं. पोटातल्या तोंडाला काय लावायचं यावर आम्ही दोघी दोन दिवस डोकं खाजवत होतो, आणि मग माझ्याच केसातला दातेरी चाप पोरीनं ओढून काढला. बसला की नेमका! दाबला की राक्षस जबडा उघडतो, सोडला की खाड्‌कन मिटतो.

डायनासोरची मान कापायला घेतली ती विळीवर. सासूबाई देवघरातून ओरडल्या, "अगो, आज संकष्टी हाय. आज मान कापतंस?"

"आई, रबरी आहे तो."

"रबरी असला म्हणून काय झालां? जनावरच ना. उद्या काप." आणि मी खरोखरच दुसऱ्या दिवशी कापली. संकष्टीला उगाच कशाला, असं मलाही वाटलंच.

सांधायला नळाच्या जोडाला लावतात ते सील आणलं. दोन रंगांच्या वड्या असतात, एकत्र मळल्या की तासाभरात दगड. शाडूची माती मळलेल्या हाताला तिचं काय विशेष? पण माती वाट बघते, हे सील बघत नाही. कुकरची तिसरी शिट्टी झाली म्हणून उठले, परत येऊन बघते तर सिंहाचं डोकं वाकडंच घट्ट बसलेलं आणि उरलेला गोळा पोळपाटाला चिकटलेला. तो पोळपाट पुढं कित्येक वर्षं एका बाजूनं उंच होता. आमच्या पोळ्यांना एक कडा जाड यायची आणि हे दर वेळी म्हणायचे, "राक्षसाची पोळी आली." म्हणू दे. मिक्सर आणला असता तर आली असती का?

मान वाकडी बसली ती उलट बरीच झाली. काहीतरी हुंगतोय असं वाटायला लागलं. तिला परत सील लावून खवले काढले, सोंडेवरच्या वळ्या कोरतात तसे. मग रंग. हिरवा, त्यावर जांभळा, शिंगांच्या टोकांना माहेरून आणलेला मुकुटाचा उरलेला सोनेरी. पोरगी शेजारी बसून हुकूम सोडत होती. मधेच आमटीला फोडणी, मधेच तिच्या वहीला कव्हर, मधेच यांचा डबा, आणि परत राक्षस. इतक्या वर्षांनी माझ्या नखांत रंग गेला होता आणि मी पोरीपेक्षा जास्त खूश होते, खोटं कशाला सांगू.

राहिले डोळे. पोरीनं लाल रंगाची वाटी पुढं केली. "रागीट काढ हं. एकदम रागीट." मी शून्य नंबरचा ब्रश घेतला, हात टेकवायला पाटाची कड घेतली, श्वास आत धरला. आयुष्यातली पहिली आखणी! पापणीची रेघ ओढली. दुसरी ओढली. बुबुळ, ठिपका, भुवई. ब्रश खाली ठेवला आणि राक्षस पोरीकडं वळवला.

पोरगी बघतच राहिली. मग हळूच म्हणाली, "आई, ह्याला बघून माझं गणिताचं टेन्शन गेलं."

मी फिरवून बघितला. अगं आई गं! तीन शिंगं, खेकड्याचे आकडे, पोटात दात, आणि त्याच्या वर दोन लाल डोळे. इतके मऊ, इतके मायेचे, की आत्ता उजवा आकडा वर करून आशीर्वाद देईल. मी वीस वर्षं आबांच्या खांद्यावरून बघत आले होते. हाताला डोळे म्हणजे तेवढेच ठाऊक.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर शोकेसवर राक्षस, आणि त्याच्या पुढ्यात लाल जास्वंद. सासूबाईंनी ठेवलेलं. मी म्हटलं, "आई, अहो, तो राक्षस आहे. गेममधला."

"आसंल," त्या म्हणाल्या. "पण माझ्याकडे बघला ना तो. आता फूल नाय ठेवायचां तर काय?"

हे तेवढ्यात नाईट शिफ्ट करून घरी आले. चप्पल काढली, फूल बघून सवयीनं शोकेससमोर हात जोडले, डोळे मिटले, उघडले, आणि मग दचकून म्हणाले, "ह्याच्या पोटात तोंड कशाला?" आम्ही तिघी इतक्या हसलो की शेजारीण काय झालं ते बघायला आली. आणि तिनंही नमस्कार केला!

मी हसत हसत स्वयंपाकघरात गेले आणि तिथं मला एकदम रडूच आलं. आनंदानं. माझ्या हातात आखणी होती. कुणी न शिकवता होती. आबांनी नाही म्हटलं त्याच्या आधीच ती येऊन बसली होती आणि मला पत्ताच नव्हता. आता एकच राहिलं होतं, आबांनी ती बघायची. पण त्यांना काय दाखवणार? राक्षस?

पोरगी मात्र नाराज होती. तिला रागीट पाहिजे होता. मी म्हटलं, डोळे खरवडते आणि परत काढते, तर सासूबाई आडव्या आल्या. "उघाडलेले डोळे पुसायचे नायत." मी त्यांना सांगून बघितलं की आमच्या कारखान्यात चुकलं तर ओल्या फडक्यानं खुशाल पुसतात, पूजा होईपर्यंत ती मातीच. पण गणपती घडवणाऱ्या घरचं गणपती पुजणाऱ्या घराला कुठलं पटायला? पहिला राक्षस शोकेसवर कायमचा बसला आणि मला दुसरा करावा लागला.

दुसरा झाला तो कनवाळू. तिसरा झाला तो विचारी. चौथ्याला म्हटलं भुवया खाली ओढू, तर तो रडवेला झाला आणि पोरीनं त्याला पांघरूण घातलं. मी हट्टाला पेटले. राग कसा दिसतो ते बघायला लागले. बाजारात कोळणीशी भाव करताना तिच्या डोळ्यांकडं इतकी टक लावून बघायचे की ती म्हणाली, "काय गो, म्हावरा बघतंस का मना?" एसटीत कंडक्टरकडं बघितलं. शाळेत मुख्याध्यापिकेकडं बघितलं. कागदावर रेघा ओढून बघितल्या. वरची पापणी बुबुळाला जरा कापते, भुवईचं आतलं टोक उतरतं, ठिपका लहान होतो. कळत होतं सगळं, पण हात वळला की परत माया.

मग एक दिवस यांनी ओला टॉवेल पलंगावर टाकला. लग्नाला बारा वर्षं झाली होती आणि मी बारा वर्षं रोज सांगत होते. मी बोलायला तोंड उघडलं आणि समोर कपाटाचा आरसा. त्यात मी. टॉवेल तसाच टाकून मी पळत गेले आणि सातव्या राक्षसाचे डोळे एका दमात काढले. पोरगी शाळेतून आली, बघितलं आणि दोन पावलं मागं सरकली. "आई! झाला! हाच तो!" हे आले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "हे डोळे मी ओळखतो."

त्या उन्हाळ्यात आमच्या आळीतल्या पोरांनी माझ्या ओट्यावर खेळण्यांचा ढीग घातला. कुणाची पाय तुटलेली बाहुली, कुणाची चाकं गेलेली मोटार. कुणाला पंखवाला पाहिजे, कुणाला दोन डोक्यांचा. मी सगळ्यांना डोळे दिले आणि सगळे रागीट दिले. इतकी गोडी लागली की यांनीसुद्धा सुट्टीच्या दिवशी बसून टोपणांची शिंगं घासून दिली. लाईट गेली की पोरं आमच्या अंगणात राक्षसांची लढाई लावायची, आणि लाईट आली तरी उठायची नाहीत.

श्रावण लागायच्या आधी पेणहून आईचं पत्र आलं. आबांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. पट्टी होती, डॉक्टरांनी महिनाभर बारीक काम करायचं नाही म्हणून बजावलं होतं, आणि फळ्यांवर मूर्ती कोऱ्या डोळ्यांनी बसल्या होत्या. कारागिरांना अंगाचा रंग यायचा, आखणी नाही. दुसरीकडून आखणीवाला आणायचा तर आबा तयार होत नव्हते. आईनं लिहिलं होतं, जेवणाखाणाला हाताशी ये. आखणीचं एक अक्षर नाही. मला वाचून इतका संताप आला! भाकऱ्या करायला ये म्हणे.

गेले तरीही. पोरीला घेऊन रोह्याहून पॅसेंजरनं निघाले. निडी स्टेशनात गाडी उगाच थांबून राहिली आणि माझं डोकं तापत राहिलं. पोरीनं पिशवीत काय भरलंय ते मी विचारलं नव्हतं. पेणच्या घरी पोचल्यावर तिनं ती पिशवी आबांच्या पुढ्यात उलटी केली, तेव्हा कळलं. आमचे सगळे राक्षस, शोकेसवरचासुद्धा. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

आबा पडवीत खुर्चीवर बसले होते, एका डोळ्यावर हिरवं फडकं. त्यांनी शोकेसवरचा पहिला राक्षस उचलला, तो मायाळू, आणि दुसऱ्या डोळ्याजवळ नेला. बराच वेळ बघितलं. मग सातवा उचलला. परत पहिला.

"हे कुणी काडले?"

"आईनं," पोरगी म्हणाली. "हा पहिला फसला. पण रोह्याची आजी त्याला फूल वाहते."

आबांनी दोघांना शेजारी ठेवलं. चहा प्याले. कप खाली ठेवून माझ्याकडं न बघता म्हणाले, "सकाळी आंघोल करून पडवीत ये."

सकाळी मी अंघोळ करून पडवीत गेले. आबांनी दाराच्या उजेडात पाट मांडून ठेवला होता, त्यावर हातभर उंचीचा गणपती, अंग रंगवून तयार. त्यांचा ब्रश वाटीवर आडवा ठेवलेला. दोघं कारागीर, तेच हसलेले दोघं, आता केस पांढरे झालेले, कामं सोडून उभे. पोरगी उंबऱ्यावर. मी बसले. इतके महिने मी राग शिकले होते. आळीतल्या पोरांना एक साधा प्रेमळ डोळा काढून दिला नव्हता. हाताला आता काय आठवणार?

पापणीची रेघ ओढली. हात धीट चालला, थांबला नाही. बुबुळ, ठिपका, भुवई. दोन्ही डोळे पुरे करून मी मागं झाले आणि बघितलं. पाटावरचा गणपती तापला होता. वरची पापणी बुबुळाला कापत होती, भुवईचं टोक उतरलं होतं. विघ्न हरणारा कसला, विघ्न घेऊन उठेल असा बसला होता. एक कारागीर खोकला. पोरगी उंबऱ्यावरून कुजबुजली, "आई, हा सातवा झाला."

आबा खुर्चीवरून उठले, पाटाशी उकिडवे बसले आणि चांगला डोळा मूर्तीजवळ नेला. मला वाटलं, संपलं. आता आयुष्यभर मला कुणी ब्रश देणार नाही. आणि बरोबरच आहे त्यांचं.

"कुणावर इतका रागावलाय गो हा?" आबांनी विचारलं.

"तुमच्यावर," मी म्हणाले.

तोंडातून निघून गेलं. आबांनी माझ्याकडं बघितलं. मग पुसायचं फडकं पाण्याच्या वाटीत बुडवलं, पिळलं, आणि स्वतःच्या हातानं गणपतीचे दोन्ही डोळे पुसून टाकले, सावकाश, रंग गालावर ओघळू न देता.

"मंग माज्यावर काड तो राग," म्हणाले. "मूर्तीवर नको. बोल."

आणि मी बोलले. बापरे, काय बोलले! सोळाव्या वर्षापासूनचं सगळं. भाकरीवर आखणी करशील म्हणालात, आठवतं का? हे दोघं हसले होते. दहा वर्षं लागतात म्हणालात, मी जन्मापासून बघत होते, ती वर्षं कुणी मोजली? एकदा ब्रश देऊन तरी बघायचा होता. आत्तासुद्धा बोलावलंत ते भाकऱ्यांना. मूर्ती तशाच कोऱ्या गेल्या असत्या तरी चाललं असतं, पण मला सांगायला जीभ उचलली नाही तुमची. आई आतून आली आणि मला गप्प करायला लागली, तर आबांनी हातानंच तिला थांबवलं. मी रडत होते, ओरडत होते, नाक पुसत होते. बोलायचं संपलं तेव्हा माझा घसा बसला होता. शेजारच्या कारखान्यातली माणसं दारात येऊन उभी होती.

आबा तसेच उकिडवे बसलेले. त्यांच्या उघड्या डोळ्यातून पाणी येत होतं आणि पट्टीच्या डोळ्याला ते चालणार नव्हतं, म्हणून आई घाबरी झाली होती.

"व्हय," आबा म्हणाले. "चुकला माजा."

एवढंच. माझ्या वडिलांना मी हा शब्द कधी, कुणाला बोलताना ऐकलं नव्हतं. दोघांतला म्हातारा कारागीर मान खाली घालून उगाचच मातीच्या गोळ्यावर पाणी मारायला लागला.

"आता काड," आबा म्हणाले.

मी तोंड धुऊन आले. परत बसले. आता माझ्या मनात काहीही नव्हतं. ना राग, ना भीती. भूक लागली होती फक्त. पापणीची रेघ ओढली, दुसरी ओढली, बुबुळ भरलं, ठिपका ठेवला, भुवई वर नेली. पोरगी उंबरा सोडून माझ्या पाठीशी येऊन उभी राहिली. ब्रश खाली ठेवला तेव्हा मला बघायचीसुद्धा गरज नव्हती. हाताला कळलं होतं.

आबा खुर्चीवर जाऊन बसले होते, पाठ पाटाकडं. बाहेर रस्त्याकडं बघत होते. आमच्या कारखान्यातून आबांनी डोळा लावून तपासल्याशिवाय एक मूर्ती कधी बाहेर गेली नव्हती. मी वाट बघितली. शेवटी म्हटलं, "आबा, झालं. बघता ना?"

त्यांनी मान वळवली नाही.

"तुज्या हातचां हाय," म्हणाले. "बघायचां काय त्यात? दुसरा घे."